वाळक्या पानांचा डबा

एक्स्चेंजबाई पहिल्यांदा कवळीवाल्यांच्या खोलीत शिरल्या तेव्हा आधी त्यांचा आवाज आत आला. मग बराच वेळ काहीच आलं नाही. आवाजाला साजेशी एखादी धिप्पाड बाई येईल म्हणून कवळीवाले दाराच्या वरच्या चौकटीकडे बघत राहिले, तोवर त्यांच्या कोपराशी साडेचार फुटांची, जाड चष्म्याची, पत्र्याचा डबा छातीशी धरलेली एक आकृती येऊन उभीही राहिली होती. त्या आवाजाने स्पिरिटच्या दिव्याची ज्योत आडवी झाली. शेजारच्या चाव्या बनवणाऱ्याने काय झालं ते न बघताच आपलं शटर अर्धं खाली ओढलं. आणि फळीवर ओळीने मांडलेले एकशे चाळीस प्लास्टरचे जबडे, जे मुळातच आ वासून असतात, ते त्या दिवशी आणखी बोटभर वासले, असं कवळीवाले आजही शपथेवर सांगायला तयार आहेत.

“तपासनीस कोण आहे इथे?” बाईंनी विचारलं.

कवळीवाल्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत प्लास्टरने पांढरे होते आणि उजव्या डोळ्याला भिंग होतं. अशा अवस्थेत तपासणीचं नाव निघालं की माणसाला आपण केलेले आणि न केलेले सगळे गुन्हे एकदम आठवतात. ते म्हणाले, इथे फक्त दात मिळतात. त्यावर बाईंनी पर्समधून एक फॉर्म काढला, त्यावरची सही आणि रबरी शिक्का त्यांच्या नाकासमोर धरला आणि हातातला डबा टेबलावर आपटला. डब्याखाली एका निवृत्त न्यायाधीशांचा खालचा जबडा होता, मेणाचा, अजून मऊ. न्यायाधीशसाहेब पुढे कायम किंचित डावीकडून चावत राहिले, ते त्यामुळेच.

“‘पुराव्याची गरज’ असा शिक्का मारलाय तुम्ही. हा घ्या पुरावा.”

डब्यात ओली, काळी, कुजकट वासाची वाळकी पानं होती. कवळीवाल्यांनी पाहिलं, हुंगलं आणि सांगितलं की यात काही नाही.

“नीट बघा. फोन उचलल्या उचलल्या ठेवायचा नसतो.”

मग त्यांनी भिंग खाली घेतलं, आणि एका पानाची कड हलली.

कवळीवाले म्हणजे दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या बनवणारे कारागीर. डॉक्टर पुढच्या चकचकीत खोलीत बसून पेशंटला हसून दाखवतात. जे दात दाखवून पेशंट परत हसतो, ते मागच्या गल्लीतल्या या खोलीत तयार होतात. पांढऱ्या रंगाच्या सोळा छटा कवळीवाल्यांना अंधारातही ओळखता येत. हा दात सिगरेट ओढणाऱ्याचा, हा नुसत्या चहाचा, हा खोटं बोलणाऱ्याचा, असं ते म्हणत. यातलं शेवटचं फक्त बायकोला ऐकवायला. दिवसभर पांढऱ्याच्या छटा आणि जेवणानंतर तपकिरीच्या, असं त्यांचं आयुष्य सव्वीस वर्षं चाललं होतं. कारण ते जिल्ह्याच्या पतंग मंडळाचे, म्हणजे दिव्याभोवती फिरणाऱ्या पतंगांची नोंद ठेवणाऱ्या मंडळाचे, तपासनीस होते.

हे पद त्यांनी मागितलं नव्हतं. एकेकाळी त्यांनाही जिन्यातल्या दिव्याखाली बसलेले पतंग बघायची, वहीत काढायची, नावं शोधायची हौस होती. मंडळाच्या सभेत कोणी तरी विचारलं, स्वतःचं भिंग कोणाकडे आहे? त्यांनी भाबडेपणाने हात वर केला. तो हात पुन्हा खाली आला तो तपासनीसाचा होऊन. तेव्हापासून जिल्ह्यात ज्या कोणाला भिंतीवर, पडद्यावर, गाडीच्या काचेवर पतंग दिसे, तो त्याचा फोटो काढून फॉर्मला चिकटवून कवळीवाल्यांना पाठवी. वर्षाला चारशे फॉर्म. त्यातल्या साडेतीनशेंवर तपकिरी पार्श्वभूमीवर एक तपकिरी डाग, आणि खाली ठाम अक्षरांत एखादं भलतंच दुर्मीळ नाव. कवळीवाल्यांनी तीन शिक्के करून घेतले होते: ‘स्वीकृत’, ‘पुराव्याची गरज’ आणि ‘फोटोवरून सांगता येत नाही’. तिसऱ्या शिक्क्याचं रबर दोनदा बदलावं लागलं. पहिला अजून नव्यासारखा होता.

यात मित्र कमी होतात. माणसाला त्याच्या पोराबाळांबद्दल वाकडं बोललेलं एक वेळ चालतं. त्याने पाहिलेल्या पतंगाबद्दल शंका घेतलेली चालत नाही. कवळीवाल्यांना लोकांची रागाची पत्रं यायची, आणि त्यांची बायको ती चहाबरोबर मोठ्याने वाचून दाखवायची. “हे बघा, हे गृहस्थ म्हणतात की तुम्हाला डोळ्यांच्या डॉक्टरची गरज आहे. आणि हे म्हणतात की पतंगांच्या डॉक्टरची.” कवळीवाले हसायचे नाहीत. हसायला जी थोडीफार ताकद लागते ती त्या वेळेपर्यंत संपलेली असायची. हौस केव्हाच सरली होती आणि पद उरलं होतं. शेवटचा पतंग आपण स्वतः कधी शोधला, हे त्यांना आठवत नव्हतं.

एक्स्चेंजबाई टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाल्या होत्या. चौतीस वर्षं त्यांनी दोन माणसांना एकमेकांशी जोडून द्यायचं आणि स्वतः बाजूला व्हायचं, हे काम केलं. आता त्यांना एका अळीला तिच्या पतंगाशी जोडून द्यायचं होतं, आणि या वेळी बाजूला व्हायची त्यांची तयारी नव्हती.

तो पतंग होता चिखल्या. मंडळाने त्याला हे नाव दिलं ते कोणाला त्याच्याकडे दुसऱ्यांदा बघावंसं वाटलं नाही म्हणून. बोटाच्या नखाएवढा, चिखल वाळल्यावर होतो त्या रंगाचा, पंखांवर दोन रेघा, त्याही मारणाऱ्याला मध्येच कंटाळा आल्यासारख्या. सगळ्या जिन्यांत, सगळ्या दिव्यांखाली चिखल्या असतोच. पण मंडळाच्या छापील यादीत प्रत्येक पतंगापुढे ‘अळीचं खाद्य’ असा रकाना आहे, आणि चिखल्याच्या ओळीत तिथे चाळीस वर्षं ‘माहीत नाही’ असं छापलेलं होतं. इतका साधा पतंग, दारोदार सापडणारा. पण त्याची अळी कोणी पाहिली नव्हती.

बाईंचं म्हणणं होतं की ती त्यांच्या गॅलरीच्या छपराच्या पन्हळीत असते. पन्हळीत वाळकी पानं अडकून कुजतात. तीच पानं ती खाते. स्टुलावर चढून पन्हळ साफ करताना त्यांनी ती बघितली होती. कवळीवाल्यांचं म्हणणं, अळ्या हिरवं पान खातात. तुमच्या अळ्या झाडावरून पन्हळीत पडल्या असणार. बाई म्हणाल्या, पडल्या असत्या तर चढून परत गेल्या असत्या, त्यांना सहा पाय आहेत, मला दोनच असून मी चढते. कवळीवाल्यांनी सांगितलं की अळी वाढवा, कोष होऊ द्या, त्यातून चिखल्या निघाला तर मी स्वतः यादीत ओळ घालीन. मग तो डबा घेऊन बाई गेल्या, आणि त्यांचा आवाज त्यानंतर अर्ध्या मिनिटाने गेला.

त्या वर्षी सगळ्या अळ्या बुरशीने मेल्या. दुसऱ्या वर्षी बाईंच्या धाकट्या बहिणीने डबा कचऱ्यात टाकला. दोघी एकत्र राहायच्या, आणि बहिणीचा नियम असा होता की घरात जे काही वळवळतं ते एक तर भाडं देतं किंवा बाहेर जातं. तिसऱ्या वर्षी कोष झाले, पण त्यांतून निघाल्या अळ्यांच्या अंगात अंडी घालणाऱ्या बारीक गांधीलमाश्या. दर वेळी बाई फोन करून बातमी द्यायच्या, कवळीवाले ‘पुराव्याची गरज’ असंच सांगायचे, आणि बाई म्हणायच्या, “ठीक आहे. लाइनवर राहा.” म्हणजे पुढच्या वर्षापर्यंत. कवळीवाल्यांच्या बायकोला या फोनची सवय झाली होती. ती रिसीव्हर कानापासून हातभर लांब धरून सगळं ऐकायची आणि नवऱ्याला म्हणायची, “अहो, तुमची ती अळीवाली मैत्रीण. घरातल्या घरात कळलं सगळं, तुम्ही नुसतं हो म्हणा.”

चौथ्या वर्षी यादीची नवी आवृत्ती निघायची ठरली. अशी आवृत्ती साधारण वीस वर्षांनी निघते. बाईंनी हिशेब केला. त्या त्र्याहत्तर वर्षांच्या होत्या. त्यांनी कवळीवाल्यांना फोनवर सांगितलं की पुढच्या आवृत्तीशी त्यांना काही देणंघेणं नाही, ही ओळ याच वेळी भरली पाहिजे, आणि ओळीखाली नोंद करणाऱ्याचं नाव छापतात ते त्यांचं पाहिजे. आयुष्यभर लोकांनी एकमेकांना हाका मारलेल्या ऐकल्या, स्वतःचं नाव त्यात कधी आलं नाही, एवढं मात्र त्या म्हणाल्या नाहीत. ते कवळीवाल्यांनी आपल्या मनाने जोडलं.

त्या वर्षी पन्हळीत चौदा अळ्या सापडल्या. आणि चौदावी उतरवताना बाई स्टुलावरून पडल्या आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. पडतानाही डबा वर धरलेला होता, असं बहीण पुढे रागाने सगळ्यांना सांगत असे.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्यांनी कवळीवाल्यांना दवाखान्यात बोलावून घेतलं. डबा उशाशी होता. बाई पांढऱ्या चादरीत आणखी लहान दिसत होत्या. आवाज मात्र तोच होता, आणि दोन खाटा पलीकडचा माणूस झोपेतून उठून बसला होता.

“हा डबा तुम्ही ठेवायचा.”

कवळीवाले म्हणाले की त्यांनी आजवर एकही अळी पाळलेली नाही. ते तपासतात.

“माहीत आहे मला. घरी बहीण टाकून देईल. मंडळातल्या दुसऱ्या कोणाला दिला तर तो स्वतःच्या नावावर करील. तुम्ही दोन्ही करणार नाही. तुम्हाला यात काही आवडच नाही.”

ही स्तुती आहे की काय, याचा कवळीवाल्यांना घरी पोचेपर्यंत उलगडा झाला नाही. सूचना सोप्या होत्या. दर तिसऱ्या दिवशी ब्रशने दोन-चार थेंब पाणी शिंपडायचं. पानं वाळू द्यायची नाहीत आणि भिजू द्यायची नाहीत. काय दिसतंय ते दर आठवड्याला फोनवर कळवायचं. झालं.

कवळीवाल्यांनी डबा कामाच्या खोलीत फळीवर ठेवला, एका वरच्या आणि एका खालच्या जबड्याच्या मध्ये. पाणी शिंपडायला मेणकामाचा सगळ्यात बारीक ब्रश काढला. आणि काय आश्चर्य, पहिल्याच आठवड्यात त्यांना सकाळी दुकान उघडायची थोडी घाई व्हायला लागली. झाकण काढावं, भिंग लावावं, आणि ज्याला आपण पान समजतो त्याने हळूच मान वळवावी. पानाच्या रंगाची अळी पानाच्या शिरा सोडून मधलं मधलं खात होती, वाळकं, कुजकं, काळं पान, आणि खाऊन झाल्यावर मागे जाळी उरत होती. म्हणजे बाई बरोबर होत्या, निदान अर्ध्या. कवळीवाल्यांनी बायकोला बोलावून दाखवलं. ती भिंगातून बघून म्हणाली, “तुमच्यासारखीच आहे. वाळकं खाते आणि कोणाला दिसत नाही.” पण आणखी एकदा बघितलं तिने.

आता कवळीवाले हे तपासनीस. सव्वीस वर्षांपूर्वी नोंदीचा जो फॉर्म मंडळाने काढला, त्यात अळी वाढवणाऱ्यांसाठी त्यांनी स्वतः एक तक्ता घातला होता: तारीख, लांबी, संख्या. अर्धवट भरलेले तक्ते आलेले त्यांना खपत नसत. किती जणांना त्यांनी फॉर्म परत पाठवले होते, ‘संख्या?’ असं लाल शाईने लिहून. बाईंचा फॉर्म तर यादीत जायचा होता. त्यात एक रकाना मोकळा राहिला असता तर उद्या कोणीही बोट ठेवलं असतं.

म्हणून दर रविवारी ते मोजत. टेबल पुसायचं, पांढरा कागद पसरायचा, आणि मेण उचलायच्या चिमट्याने एकेक पान उचलून त्यावर ठेवायचं. दोन पानं एकमेकांना चिकटलेली असली तर अलगद सोडवायची, कारण मध्ये अळी असू शकते. असायचीच. ती मोजायची, पानं परत डब्यात, आणि तक्त्यात आकडा.

पहिला रविवार, चौदा. दुसरा, चौदा. तिसऱ्या रविवारी बारा भरल्या. चौथ्याला अकरा. कवळीवाल्यांनी पाणी कमी केलं. पाचव्याला आठ भरल्या, तेव्हा त्यांनी पाणी वाढवलं, डबा उन्हापासून लांब नेला, झाकणाला आणखी भोकं पाडली आणि हात साबणाने धुवायला लागले. आणि जास्त काळजीने मोजायला लागले. सहाव्या रविवारी पाच होत्या.

त्या पाचांतली एक चिमट्याच्या टोकाला तशीच लोंबली. त्यांनी भिंग लावलं. अळीच्या पाठीला पांढरे तंतू चिकटलेले होते, विस्कटलेले, आणि अंगावरची जुनी कातडी अर्धी निघालेली आणि अर्धी अडकलेली. बघता बघता कवळीवाल्यांच्या लक्षात आलं. ती दोन पानं कुजून चिकटलेली नव्हती. अळीने ती आतून शिवून घेतली होती, कात टाकायला, आणि नंतर कोष करायला, दार बंद करून. आणि दर रविवारी कवळीवाले तिचं दार उघडून विचारत होते, आहात का? कवळी साच्यात असते तेव्हा झाकण उघडून बघायचं नसतं, हे त्यांना चाळीस वर्षं माहीत होतं. एकदा उघडली की ती पुन्हा धरत नाही. शिकाऊ मुलगे तेवढ्यासाठी ओरडा खायचे.

त्यांनी पानं होती तशी डब्यात ठेवली आणि झाकण लावलं. चिमटा टेबलाच्या सर्वांत खालच्या खणात टाकला.

त्या संध्याकाळी बाईंचा फोन आला. आदल्या रविवारी त्यांना सांध्यांच्या व्यायामासाठी दुसऱ्या दवाखान्यात हलवलं होतं आणि त्या गडबडीत तेव्हाचा फोन राहून गेला होता. आता दिवसातून दोनदा त्या वॉकरच्या घोडीला धरून कॉरिडॉरमध्ये चालत. नर्सेस म्हणे त्यांना बघून बाजूला होत, त्यांच्या चालण्याला वाट द्यायला नव्हे, आवाजाला. त्यांनी विचारलं, किती?

“अकरा,” कवळीवाले म्हणाले.

बाई म्हणाल्या, छान. त्यांनी फोन ठेवला. कवळीवाल्यांना सव्वीस वर्षांत कोणाला चुकीचा आकडा दिलेला आठवत नव्हता. त्या रात्री ते जेवले नाहीत, आणि बायकोने विचारल्यावर म्हणाले की दाताला कळ येतेय. तिने त्यांच्याकडे एवढंच बघितलं आणि ताट उचललं. पुढच्या आठवड्यात तिसऱ्या दिवशी पाणी शिंपडलं तेव्हा तळाशी काही काळे ठिपके मिळाले. ते हलत नव्हते. फोनवर त्यांनी सांगितलं, अकरा. त्याच्या पुढच्या आठवड्यात, अकरा. आणखी एका आठवड्यात तेच. झाकण ते उघडत होते, पण पानं उलटत नव्हते. वरून बघून जेवढं दिसलं त्यावरून त्यांना कळत होतं की आता एकच उरलेली असावी. दोन पानांची एक पुडी, कडेने घट्ट शिवलेली, डब्याच्या कोपऱ्यात.

शेवटी बायकोच म्हणाली. ती तोंड दुसरीकडे करून भांडी पुसत होती.

“जाऊन सांगा तिला. रोज दातांना कळ येण्यापेक्षा ते बरं.”

कवळीवाले मंगळवारी दुपारी गेले. एका हातात डबा, एका हातात फॉर्म. बाई खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या, पाय स्टुलावर, मांडीवर चष्म्याची केस. कवळीवाल्यांनी फॉर्म त्यांच्या हातात दिला. त्यात आठवड्यांचे खरे आकडे होते. चौदा, चौदा, बारा, अकरा, आठ, पाच. मग तीन रकान्यांत नुसती आडवी रेघ. आणि आजच्या तारखेसमोर एक.

बाईंनी ते वाचलं. पुन्हा वाचलं.

“तुम्ही मोजत होतात?”

“दर रविवारी.”

“पानं सोडवून?”

“हो.”

“कशासाठी?”

“फॉर्ममध्ये रकाना आहे,” कवळीवाले म्हणाले.

“तो कोणी घातला?”

कवळीवाले म्हणाले, “मी.”

बाईंनी चष्मा काढला, केसमध्ये ठेवला, केस बंद केली. मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या की आकडा खोटा आहे हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. “चौतीस वर्षं लोकांचं खोटं लाइनवर ऐकलंय मी. खरं सांगणारा माणूस आकडा सांगतो. तुम्ही आधी श्वास घेतलात. आणि अळ्या काय आठवडेच्या आठवडे अकराच्या अकरा राहतात?”

“मग विचारलं का नाही?”

“विचारून काय करणार होते? मला उठता येत होतं का?”

बाईंनी सांगितलं की डबा इथेच ठेवा, खिडकीत, आणि तुमचा तो ब्रश द्या. कवळीवाल्यांनी खिशातून ब्रश काढून दिला. ते जायला उठले तेव्हा बाई म्हणाल्या की रोज या, पण हात मागे बांधून या.

ते रोज गेले. दुकान दुपारी दोन तास बंद राहायला लागलं, आणि गावातल्या तीन-चार माणसांचं हसणं आठवडाभर लांबलं. दोघं खिडकीशी बसून त्या पुडीकडे बघत. बाई कधी एक्स्चेंजमधल्या गोष्टी सांगत, कोणी कोणाला काय म्हणालं आणि पुढे त्यांचं कसं जमलं नाही. कवळीवाले कधी दातांच्या. बहीण येऊन दोघांकडे बघायची, डब्याकडे बघायची आणि फळं ठेवून निघून जायची. अकराव्या दिवशी, दुपारी सव्वातीनला, पुडीची एक कड फाटली. आधी दोन मिशा बाहेर आल्या, मग एक ओला, गोळा झालेला, केविलवाणा जीव. तो पानावर चढला, कडेला उलटा लटकला आणि त्याने पंख सोडले. वीस मिनिटांत ते सुकून ताठ झाले. चिखलाचा रंग. दोन अर्धवट रेघा.

कवळीवाल्यांनी भिंग लावलं, आपला मोबाइल काढला, आणि सहा फोटो काढले, वरून, बाजूने, खालून. सगळे स्वच्छ. मग त्यांनी दुसऱ्या खिशातून रुंद तोंडाची एक लहान बाटली काढली.

बाईंनी विचारलं हे काय.

कवळीवाल्यांनी सांगितलं. नव्या नोंदीला नमुना जपून ठेवावा लागतो. यात एक द्रव असतो, पतंगाला काही कळत नाही, दहा मिनिटांत होतं. मग टाचणीवर लावून मंडळाच्या पेटीत.

बाई बाटलीकडे बघत राहिल्या. त्यांचा आवाज या वेळी शेजारच्या खाटेपर्यंतसुद्धा गेला नसता.

“तेरा झाल्या ना तुमच्या.”

कवळीवाल्यांनी बाटली खिशात ठेवली. खिडकी उघडली. चिखल्याला सोडलेलं आहे याची कल्पना नसावी. तो पानावर तसाच बसून राहिला. फॉर्मची कड त्याच्या पायांखाली सरकवून कवळीवाल्यांनी त्याला बाहेरच्या कट्ट्यावर उतरवलं, आणि तिथे तो भिंतीच्या रंगात इतका मिसळला की गेला कधी ते दोघांपैकी कोणालाच सांगता आलं नाही. मग कवळीवाल्यांनी तिथेच, खिडकीच्या कट्ट्यावर, फॉर्मवर पहिला, ‘स्वीकृत’चा शिक्का मारला. तो इतका कमी वापरातला होता की पहिल्या खेपेला उमटलाच नाही.

यादी त्या वर्षअखेरीस छापून आली. चिखल्याच्या ओळीत लिहिलं होतं: अळीचं खाद्य, ओलसर वाळकी पानं. खाली बाईंचं पूर्ण नाव. बाईंनी बारा प्रती घेतल्या आणि दिसेल त्याला दिल्या, व्यायाम शिकवणाऱ्या मुलीला, चाव्या बनवणाऱ्याला, आणि एक बहिणीला, सही करून. बहिणीने ती टीव्हीखाली ठेवली, पण उघडी, त्याच पानावर. बाई काठीवर चालायला लागल्या. स्टुलावर चढायला मात्र त्यांना मनाई झाली, आणि पुढच्या उन्हाळ्यात इमारतीची दुरुस्ती झाली तेव्हा उघडी पन्हळ काढून बंद पाइप बसवले.

दीड वर्षाने एका संग्रहालयातून मंडळाला पत्र आलं. तिथल्या तज्ज्ञांना आढळलं होतं की चिखल्या हा एक पतंग नसून दोन आहेत. पंखांवरून ते वेगळे करता येत नाहीत. पोट कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तरच कळतं, आणि जिल्ह्यात दोन्ही सापडतात. त्यामुळे ज्या जुन्या नोंदींचा नमुना ठेवलेला नाही, त्या कोणत्या चिखल्याच्या हे ठरवता येणार नसल्याने वगळाव्यात, अशी विनंती होती. कवळीवाल्यांनी आधी बाईंना फोन केला. बाईंनी सगळं ऐकलं, हे नक्की आहे का ते विचारलं, आणि बरं म्हणून फोन ठेवला.

दुरुस्तीपत्रक कवळीवाल्यांनीच लिहिलं. यादीत आता चिखल्याच्या दोन ओळी आहेत, आणि दोन्हींत अळीच्या खाद्यापुढे ‘माहीत नाही’ असं छापलेलं आहे.